बालगृहातल्या मुलांना दातांची निगा कशी शिकवावी?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बालगृहाच्या अधीक्षिकांचा प्रश्न आहे: "आमच्याकडे ६ ते १६ वयाची तीसेक मुलं आहेत. वर्षातून एकदा दंतशिबिर होतं. डॉक्टर तपासतात, दातांच्या मोठ्या कवळीवर ब्रश कसा फिरवायचा ते दाखवतात, प्रत्येकाला ब्रश-पेस्टचं पाकीट देतात. पुढच्या वर्षी त्याच मुलांचे आणखी दात किडलेले. एक मुलगी तर तोंडच उघडत नाही. मुलांना दातांचं शिक्षण द्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं?"

ताई, मी लहान मुलांचे दात बघणारी दंतवैद्य आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बालगृहांत, वसतिगृहांत आणि आश्रमशाळांत बरीच वर्षं जाते आहे. तुमच्या मुलांना माहिती कमी पडत असेल असं मला वाटत नाही. कुठल्याही दहा वर्षांच्या पोराला विचारा, दोन वेळा दात घासावेत हे तो घडाघडा सांगेल. कमी पडते ती रोजची घडी. घरी आई मागे लागते, "घासलेस का रे?" म्हणून विचारते, तोंडाचा वास आला तर परत पाठवते. बालगृहात तीस मुलांमागे दोन मावश्या असतात आणि सकाळी सहा ते आठ त्यांची तारांबळ असते. म्हणून बालगृहातलं दंतशिक्षण मी नेहमी मावश्यांपासून, स्वयंपाकघरापासून आणि वेळापत्रकापासून सुरू करते. मुलांशी बोलायचं ते त्यानंतर, आणि तेही थोडंच.

पहिली गोष्ट ब्रशची. बहुतेक ठिकाणी न्हाणीघरात प्लास्टिकच्या एकाच मगात पंधरा-वीस ब्रश उलटसुलट कोंबलेले असतात. पावसाळ्यात तिथला एखादा ब्रश उचलून केसांच्या बुडाशी बघा, काळपट बुरशी दिसेल. जून ते सप्टेंबर आपल्याकडे दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, तिथे मगातला ब्रश कसला वाळणार? शिवाय घाईच्या वेळी जो हाताला लागेल तो ब्रश तोंडात जातो. हिरड्यांतून रक्त येणाऱ्या मुलाचा ब्रश दुसऱ्याने वापरणं धोक्याचं आहे. गावातल्या सुताराकडून एक फळी करून घ्या. तिला ब्रश उभा राहील अशी भोकं, दोन भोकांत चार बोटांचं अंतर. ती संडास-न्हाणीपासून लांब, पडवीत वारा लागेल अशी लावा. ब्रशवर टोपण नको, डब्यात बंद करून ठेवणं नको. आणि भोकांना नंबर देऊ नका. या मुलांना नंबर फार मिळालेले असतात. एका ठिकाणी आम्ही प्रत्येकाला एक मासा निवडायला सांगितला: बांगडा, सुरमई, मोरी, कर्ली, शिंगाडा. मुलांनी स्वतःच चित्रं काढून फळीवर चिकटवली. वाचता न येणाऱ्या सहा वर्षांच्या मुलालाही आपली जागा कळते. बाकी सगळं दान आलेलं, वाटून घेतलेलं, कपडेसुद्धा आज याचे तर उद्या त्याचे. अशा मुलाला ही एक वस्तू फक्त आपली आहे हे कळलं की तो ती जपतो. हे मी अनेकदा पाहिलं आहे आणि माझ्या मते कुठल्याही व्याख्यानापेक्षा याचं मोल जास्त आहे.

ब्रश तीन महिन्यांनी बदलायचा. तारखा लक्षात राहत नाहीत, म्हणून सणांना बांधून टाका: शाळा सुरू होताना, गणपती झाल्यावर, नाताळात आणि शिमग्याला. तीस मुलांना वर्षाला १२० ब्रश झाले. मऊ केसांचा, लहान डोक्याचा साधा ब्रश पुरतो.

पेस्ट फ्लोराइडची हवी, यावर मात्र तडजोड नको. डब्यावर किंवा ट्यूबवर सोडियम फ्लोराइड किंवा सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट हे नाव आणि जवळच पीपीएमचा (दहा लाख भागांत किती भाग फ्लोराइड) आकडा बघा. तो १००० च्या आसपास असावा. मुलांसाठी म्हणून मिळणाऱ्या, चित्रं छापलेल्या कित्येक पेस्टमध्ये तो याच्या निम्मा किंवा त्याहून कमी असतो, आणि कित्येक वनस्पतींच्या पेस्टमध्ये फ्लोराइड मुळीच नसतं. दान म्हणून आलेल्या पेट्या उघडल्यावर हे एकदा तपासून घ्या. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, त्याहून मोठ्याला वाटाण्याएवढी पेस्ट. जाहिरातीत दाखवतात तशी अख्ख्या ब्रशभर लांब पट्टी कधीच नको. वाटाण्याएवढी पेस्ट साधारण पाव ग्रॅम भरते, म्हणजे दोन वेळा घासून तीस मुलांना महिन्याला साडेचारशे ग्रॅम लागेल. खर्च एवढाच आहे. ट्यूबचं तोंड प्रत्येकाच्या ब्रशला लावायचं नाही. मावशीने स्टीलच्या ताटलीच्या कडेने वाटाण्याएवढे ठिपके टाकावेत आणि मुलांनी एकेक आपल्या ब्रशने उचलावा. घासून झालं की फेस थुंकायचा, आणि लगेच पाण्याने खळखळून चुळा भरायच्या नाहीत. हे शिकवायला सगळ्यात जड जातं, कारण आपण सगळेच चुळा भरत मोठे झालो. पण चुळा भरल्या की दाताला लागलेलं फ्लोराइड धुऊन जातं. राखुंडी, कोळशाची पूड, विटेचा भुगा यांनी दातावरचं कवच झिजतं, तेव्हा त्या बंदच करा. आंब्याच्या पानाने दात घासणारी आजी मुलांना आठवत असेल तर त्या आठवणीला नावं ठेवू नका. पान झाल्यावर पेस्टही लावू, एवढंच म्हणा.

फ्लोराइडचं नाव काढलं की कोणीतरी चंद्रपूर-यवतमाळकडच्या पिवळ्या, डागाळलेल्या दातांची गोष्ट सांगतं. ते जमिनीतल्या पाण्यात फ्लोराइड जास्त असल्याने, दात हिरडीत तयार होत असताना वर्षानुवर्षं ते पाणी पोटात गेल्याने होतं. वाटाण्याएवढी पेस्ट लावून थुंकल्याने होत नाही. तरी मनात शंका असेल तर विहिरीचं किंवा बोअरचं पाणी जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेतून तपासून घ्या.

आता रात्रीचं. दिवसातून एकदाच नीट घासणं जमणार असेल तर ते रात्री जमवा. झोपेत लाळ कमी सुटते, आणि लाळ हीच तोंडातली राखणदार. बालगृहांचं वेळापत्रक बहुधा असं असतं: साडेसातला जेवण, मग अभ्यास, मग साखर घातलेलं दूध आणि लगेच अंथरूण. दुधाचा पेला आणि उशी यांच्या मध्ये ब्रश बसवा. सगळ्यांनी एकत्र, पडवीत, एक मावशी समोर उभी, दोन मिनिटं घड्याळ बघून. सात-आठ वर्षांपर्यंतच्या मुलाचा हात सगळीकडे पोचत नाही, त्याच्या दातांवरून मोठ्या माणसाने एकदा ब्रश फिरवून द्यावा. मावशीला सगळ्यांचं जमत नसेल तर मोठी ताई-दादा मुलं मदत करू शकतात, पण लहान मुलाला विचारून, आणि मावशीच्या डोळ्यांसमोर. ब्रश गोल फिरवा की आडवा यावर मी वेळ घालवत नाही. शेवटच्या दाढेपर्यंत पोचला का आणि हिरडीला टेकला का, एवढंच बघते.

मुलांशी बोलायचं तेव्हा तुमच्या स्वयंपाकघरातलंच साहित्य घ्या. तिसऱ्यांचं कालवण झालं की चार शिंपल्या धुऊन ठेवा. एका वाटीत पाणी, दुसरीत लिंबाचा रस किंवा व्हिनेगर, दोन्हींत दोन-दोन शिंपल्या. लिंबाच्या रसातून बारीक बुडबुडे यायला लागतात, आणि दुसऱ्या दिवशी त्या शिंपलीचा गुळगुळीत चकाकीपणा जाऊन ती खडूसारखी लागते. मुलांना हात लावून बघू द्या. दात आणि शिंपली एकाच द्रव्याचे नाहीत, पण दोन्हींत कॅल्शियम आहे आणि दोन्ही आम्लात विरघळतात. मग सांगा की तोंडातले जंतू साखर खाऊन असंच आम्ल तयार करतात. आम्लतेचा आकडा म्हणजे पीएच, तो जितका खाली तितकं आम्ल जास्त. तो साडेपाचच्या खाली गेला की दातावरचं कवच विरघळायला लागतं, आणि लाळेला ते पुन्हा ताळ्यावर आणायला साधारण अर्धा तास लागतो. म्हणून साखर किती खाल्ली यापेक्षा दिवसात किती वेळा खाल्ली हे जास्त महत्त्वाचं. जेवणासोबत खाल्लेला एक लाडू आणि दिवसभर खिशातून काढून चघळलेल्या दहा गोळ्या यांतला फरक आठ वर्षांच्या मुलालाही यातून कळतो. आठवडी बाजारात दातातून किडा काढून दाखवणारे लोक काही मुलांनी पाहिलेले असतात. ती हातचलाखी असते, हेही याच वेळी स्पष्ट सांगा.

आणि साखरेचा विषय निघाला की बालगृहाच्या खऱ्या अडचणीशी येऊन थांबावं लागतं, ती म्हणजे खाऊचं दान. कुणाचा वाढदिवस, कुणाच्या आईचं वर्षश्राद्ध, कुणाला नोकरी लागली, मे महिन्यात आणि गणपतीला आलेले चाकरमानी. सगळे प्रेमाने येतात आणि येताना चॉकलेट, केक, क्रीमची बिस्किटं, शीतपेयाच्या बाटल्या घेऊन येतात. घरच्या मुलाचा वाढदिवस वर्षातून एकदा असतो. तुमच्याकडे काही महिन्यांत आठवड्याला दोन-तीन वाढदिवस साजरे होतात. मुलं खाऊ उशीखाली, दप्तरात साठवतात आणि रात्री अंथरुणात खातात. ज्याला कधी पुरेसं मिळालं नाही ते मूल साठवणारच, त्याला हावरट म्हणू नका.

यासाठी दारावर एक फलक लावा आणि देणग्यांसाठी फोन येतात तेव्हा तेच वाचून दाखवा. आम्हाला यातलं काहीही चालेल: उकडलेली अंडी, भाजलेले शेंगदाणे, चणे, खोबरं, केळी, पेरू, कलिंगड, काकडी, ताकासाठी दूध, मासळी. आणि सोबत तीस ब्रश किंवा महिन्याची पेस्ट. लोकांना मनापासून द्यायचं असतं, काय द्यावं हे कळत नसतं. सांगितलं की बहुतेक जण आनंदाने ऐकतात. तरीही केक आलाच तर तो जेवणाच्या पानात वाढा आणि उरलेला दुसऱ्या दिवशीच्या जेवणात. मोदक, खाजं, आंबापोळी, फणसपोळी बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. ती आपल्या मातीतली चव आहे आणि या मुलांचा तिच्यावर इतरांइतकाच हक्क आहे. पण आंबापोळी, फणसपोळी आणि गुळाचं खाजं दाढांच्या खाचांत चिकटून बसतं, तेव्हा जेवणासोबत द्या आणि त्यानंतर पाणी पिऊ द्या. कैरी-मीठ, चिंच, कोकमाचं सरबत यांतलं आम्ल तर थेट दाताला लागतं. ते खाऊन लगेच ब्रश फिरवू नये, अर्धा तास जाऊ द्यावा. गोड खाऊ कधीही बक्षीस करू नका, आणि "दात घासले नाहीस म्हणून आज खाऊ नाही" असंही नको. ब्रशचा संबंध शिक्षेशी जोडला गेला की तो कायमचा नावडता होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलेलं प्रमाण असं की वरून घातलेली साखर दिवसाच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांखाली राहावी. दिवसाला १६०० कॅलरी खाणाऱ्या मुलासाठी हे फार तर चाळीस ग्रॅम होतात. दोन कप गोड चहा, दूध आणि बिस्किटांचा एक पुडा यांतच ते संपतात.

मिश्रीबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण शिबिरात तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजून, कुटून हिरड्यांना लावायची सवय आपल्याकडे अनेक घरांत आहे, आणि आई-आजीच्या मांडीवर बसून ती मुलींकडे येते. तेरा-चौदा वर्षांची मुलगी तुमच्याकडे येते तेव्हा कधीकधी ही सवय घेऊनच येते. सकाळी मिश्री मिळाली नाही की डोकं दुखतं, पोट साफ होत नाही, चिडचिड होते. हे व्यसन आहे, आणि रागावलं की ते फक्त लपतं. दात घासायच्या पूड-पेस्टमध्ये तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे, गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, आणि बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७७ प्रमाणे मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. पण मागच्या दारी मिश्री लावणाऱ्या तुमच्या स्वयंपाकाच्या मावशींना हे कलम वाचून दाखवू नका. त्यांचं तोंड आधी तपासून घ्या. त्यांना स्वतःच्या गालातला पांढरा चट्टा आरशात दिसला की त्याच पुढे मुलींना सांगतात, आणि ते मी सांगण्यापेक्षा जास्त पोचतं. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा राष्ट्रीय क्रमांक मोफत आहे. बंदरावर, चिरेखाणीवर किंवा बाजारात वाढलेल्या मोठ्या मुलग्यांमध्ये गुटखा-सुपारी बघा. त्याची स्वतःची तीन बोटं उभी करून वरच्या-खालच्या दातांच्या मध्ये जातात का, हे करायला सांगा. जात नसतील, तिखट सोसत नसेल, किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल तर थांबू नका, जिल्हा रुग्णालयात दाखवा.

आता भीतीबद्दल. ही मुलं दंतवैद्याला सुईमुळे घाबरतात असं आपण धरून चालतो. त्यांच्या भीतीला आणखीही कारणं असतात. ज्यांचा जन्मदाखला नाही अशा मुलांचं वय ठरवताना दात बघितले जातात. बाल न्याय अधिनियमात क्रम स्पष्ट आहे: शाळेचा दाखला, तो नसेल तर नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी. पण मुलाच्या लेखी एवढंच असतं की कोणीतरी माझं तोंड उघडून बघितलं आणि मग मला दुसरीकडे पाठवलं. म्हणून मी पहिल्या भेटीत प्रत्येकाला सांगते: मी वय लिहायला आलेली नाही, तुला कुठेही पाठवणं माझ्या हातात नाही, मी फक्त दात मोजणार. हे ऐकल्यावर काही मुलांचे खांदे खाली येतात, ते डोळ्यांना दिसतं.

पद्धत साधी आहे आणि १९५९ पासून मुलांच्या दंतवैद्यकात शिकवली जाते: आधी सांगा, मग दाखवा, मग करा. आरसा मुलाच्या हातात द्या, त्याच्या नखावर टेकवून दाखवा, मग तोंडात. आणि थांबण्याची खूण ठरवा. डावा हात वर केला की मी थांबणार. ही खूण एकदा जरी मोडली तरी सगळं पाण्यात. पहिल्या वेळी मूल मुद्दाम हात वर करून बघतं, डॉक्टर खरंच थांबते का म्हणून. थांबायचंच. पहिल्या भेटीत दवाखान्याची खुर्ची नको, पंप नको, पडवीतली साधी खुर्ची, विजेरी आणि ओळखीची मावशी शेजारी. तीस मुलांची रांग लावून "हिचे सहा किडलेले" असं मोठ्याने सांगत लिहून घेणं ताबडतोब बंद करा. एकेकट्याला बघा, आकडा फक्त त्यालाच सांगा. शिबिराचे फोटो काढून वर्तमानपत्राला किंवा समाजमाध्यमांवर देणं तर बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ च्या विरोधात आहे, मुलांची ओळख उघड करता येत नाही. पाहुण्यांना हे नम्रपणे, पण ठाम सांगा.

तोंड न उघडणाऱ्या तुमच्या मुलीबद्दल. तिला दोघींनी धरून, जबडा दाबून उघडायला लावू नका, मग दात कितीही किडलेला असो. सूज किंवा ताप नसेल तर आपल्याकडे वेळ आहे. तिला तपासणीच्या दिवशी माझ्यासारख्या कुणाची मदतनीस करा. ती आकडे लिहील, विजेरी धरेल, इतर मुलं खुर्चीतून हसत उठताना बघेल. तिचे दात तिनेच घासावेत, हवं तर भिंतीकडे तोंड करून. काही मुलांच्या बाबतीत तोंडाशी केलेली जबरदस्ती ही त्यांच्यावर झालेल्या अत्याचाराचा भाग असते. कारण खोदून विचारू नका. समुपदेशकांना सांगा. तिने आपणहून काही सांगितलं तर मध्ये न थांबवता ऐका, आणि पॉक्सो कायदा २०१२ प्रमाणे ते कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे हे लक्षात ठेवा. "माका नको" म्हणणाऱ्या मुलाला 'नको' म्हणता आलं, हीसुद्धा त्याच्या दृष्टीने मोठी गोष्ट असते.

दुखणं ओळखायला शिका, कारण ही मुलं सांगत नाहीत. सांगितलं तर आपण डोईजड होऊ असं त्यांना वाटतं. एका आंब्याच्या बागेत राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबातला मुलगा बालगृहात होता. मराठी जेमतेम. तो रोज भातात आमटी ओतून, कालवून पातळ करून नुसता गिळायचा. सगळ्यांना वाटलं त्याला तसंच आवडतं. वाढणाऱ्या मावशीच्या ध्यानात आलं की हा तळलेला बोंबील पानातच ठेवतो, आणि तळलेला बोंबील ठेवणारं मूल तिने आजवर पाहिलं नव्हतं. तोंड बघितलं तर खालच्या दाढेच्या मुळाशी हिरडीवर पू भरलेली पुळी. जेवताना मुलांकडे बघा. एकाच बाजूने चावणं, गार पाणी तोंडात धरून ठेवणं, पेरूला नको म्हणणं, रात्री गालाखाली हात घेऊन झोपणं, कान ओढणं. दुखऱ्या दाताला तंबाखू, लवंगेचं निव्वळ तेल किंवा गोळी चुरून लावू नका, हिरडी भाजते. वजनाच्या हिशोबाने पॅरासिटामॉल चालतं, ॲस्पिरिन नको. गाल सुजला आणि सोबत ताप आहे, तोंड उघडत नाही किंवा गिळता येत नाही, तर त्याच दिवशी रुग्णालय. एसटी सकाळी आहे म्हणून थांबू नका.

शिबिरवाल्यांकडून पाकिटांऐवजी काय मागायचं, तेही सांगते. फ्लोराइड वॉर्निश मागा. ब्रशने दातांवर लावायचं, एका मुलाला दोन-चार मिनिटं लागतात, वीज लागत नाही, दर तीन ते सहा महिन्यांनी परत. ज्याला दम्याचा जोरदार त्रास आहे त्याचं आधी सांगा, कारण काही वॉर्निशमध्ये राळ असते. किडलेल्या दातांसाठी सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचं औषध आहे. टोचणं नाही, कोरणं नाही, एक थेंब लावला की कीड बहुधा तिथेच थांबते. किडलेला भाग मात्र कायमचा काळा होतो. पुढच्या दाताला लावायचं असेल तर मुलाला आरशात दाखवून विचारा, शाळेत त्याला चिडवणारे असतात. तिसरं म्हणजे हातातल्या छोट्या चमच्यासारख्या हत्याराने मऊ कीड काढून ग्लास आयनोमर सिमेंट भरणं. ही पद्धत १९८० च्या दशकात टांझानियात, जिथे वीज नव्हती तिथे विकसित झाली. आपल्याकडे पावसाळ्यात दिवसदिवस लाइट जाते, तिथे ती अगदी कामाची आहे. फ्लोराइडची पेस्ट, हे काळं करणारं औषध आणि हे सिमेंट, तिन्ही २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आली. तेव्हा कोणी "हे गरिबांचं काम" म्हणालं तर ऐकून घेऊ नका. मुळाच्या उपचारासाठी किंवा भूल देऊन करायच्या कामासाठी जिल्हा रुग्णालय आहे, खेडला डेंटल कॉलेज आहे. अशा उपचाराआधी बाल कल्याण समितीची लेखी परवानगी कशी घ्यायची ते आधीच विचारून ठेवा, म्हणजे ऐन वेळी धावपळ होत नाही.

सहा वर्षांच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे एक मोठी दाढ येते. त्या जागी कुठलाही दात पडत नाही, त्यामुळे ती आली हे कोणाला कळत नाही, आणि ती दुधाचीच समजून किडली तरी सोडून दिली जाते. ती आयुष्यभराची दाढ आहे. तुमच्या सहा-सात वर्षांच्या प्रत्येक मुलाची ही दाढ बघून तिच्या खाचा बुजवून घ्यायला सांगा. बाराव्या वर्षी तिच्यामागे दुसरी येते, तेव्हा परत.

खेळताना पडून कायमचा दात मुळासकट बाहेर आला तर तो मुळाला हात न लावता, पांढऱ्या भागाने उचला. माती लागली असेल तर दुधाने किंवा पाण्याच्या धारेखाली क्षणभर धुवा, घासू नका. जमलं तर लगेच त्याच खाचेत बसवा आणि रुमाल चावायला द्या. नाही जमलं तर थंड दुधात घालून तासाभरात दंतवैद्याकडे. अंगणात शहाळं असलं तरी दूधच बरं, शहाळ्याचं पाणी आम्लधर्मी असतं. दुधाचा दात पडला तर परत बसवायचा नाही.

शेवटी नोंदी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येतं, त्यात दातही बघतात. तुमची मुलं शाळेत जातात, पण ते कार्ड शाळेच्या कपाटातच राहतं. मुख्याध्यापकांकडून दरवर्षी त्याची प्रत मागून घ्या. प्रत्येक मुलाची एक पातळ वही करा: किती दात किडलेले, वॉर्निश कधी लावलं, काय भरलं, पुढची तारीख, आणि त्याला कशाची भीती वाटते. मूल दुसऱ्या बालगृहात गेलं, घरी परतलं किंवा अठरा पूर्ण करून अनुरक्षणगृहात (बालगृहानंतर राहण्याच्या जागी) गेलं तर वही त्याच्याबरोबर द्या, नाहीतर नव्या जागी कुणीतरी पुन्हा पहिल्यापासून त्याचं तोंड उघडायला लावणार. मे महिन्यात जी मुलं नातेवाइकांकडे सुट्टीला जातात त्यांच्या पिशवीत ब्रश आणि पेस्ट आठवणीने घाला, आणि जूनमध्ये तपासणीला सुरुवात त्यांच्यापासून करा.